पोचा भरायचा नाही

इब्राहिम: शेवटचं विचारतो साहेब. डिकीवरचा हा पोचा भरू का नको?

वाल्मीक: नको.

इब्राहिम: अख्ख्या गाडीला लांबी भरली, घासली, प्रायमर मारला. सोमवारी रंग. आणि पाठीत हा एवढा खड्डा? लोक म्हणतील, इब्राहिमचाचाचा हात गेला.

वाल्मीक: लोकांना सांगा, गाडीचा मालक येडा आहे.

इब्राहिम: ते सांगतोच. तरी विचारतात.

वाल्मीक: चाचा, तो पोचा नाही, पुरावा आहे. मालेगावच्या भंगारात तीन फियाट पडल्या होत्या. तिन्हींत कोंबड्या. त्यातून मी हीच कशी ओळखली? या पोच्यावरून. डोळे बांधून हात फिरवला तरी ओळखेन. मना पोचा शे तो!

उज्वला: झालं. हे अहिराणीत शिरले म्हणजे आता अर्धा तास तरी बाहेर येत नाहीत. चाचा, तुम्ही चहा घ्या, निवतोय.

इब्राहिम: शुक्रिया भाभी. चार महिने तुमच्या पार्किंगमध्ये काम चाललंय. साहेब रोज थोडं थोडं सांगतात आणि ऐन मजा आली की म्हणतात, बारा नंबरचा पाना द्या. आज पूर्ण ऐकणार. हा पोचा कशाचा?

वाल्मीक: नारळाचा.

इब्राहिम: झाडावरून पडला?

वाल्मीक: मी फेकून मारला. नवरदेवाच्या हातात नारळ असतो ना? कट्यार मामाकडे होती, म्हणून नारळावर भागलं.

इब्राहिम: स्वतःच्या लग्नात गाडीला नारळ मारला?

वाल्मीक: सत्त्याण्णवचा मे. वऱ्हाड नामपूरहून सटाण्याला निघालं. गाडी हीच, सहादूची. सहादू म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ. गाडीला झेंडूच्या इतक्या माळा की खिडक्या दिसेनात. मागे मी, बाशिंग बांधून. मोसमचा पूल ओलांडला आणि समोरून एक मोटारसायकलवाला हात करत आला. काय, तर बाजार समितीच्या सभापतींची जीप बंद पडली, साहेब उन्हात बसलेत. सहादूने मान मागे वळवली आणि मला म्हणाला—

उज्वला: "तू जरा उतर. सावलीत उभा राहा. दहा मिनिटांत आलोच."

वाल्मीक: मी सांगतोय ना.

उज्वला: सांगा की. अठ्ठावीस वर्षं ऐकतेय, मला तालासुरात पाठ आहे.

वाल्मीक: सावली म्हणे! त्या माळावर एक बाभूळ. आणि तिच्याखाली आधीच एक गाढव उभं.

इब्राहिम: मग?

वाल्मीक: मग काय. ते हललं नाही.

इब्राहिम: आणि दहा मिनिटं?

वाल्मीक: अजून चालू आहेत.

इब्राहिम: तौबा.

वाल्मीक: गाडी वळली तेव्हाच मला कळलं होतं, ही परत येत नाही. म्हणून नारळ हाणला. वऱ्हाडाच्या बाकी गाड्या केव्हाच पुढे गेलेल्या. दोन तास बाशिंग बांधून उन्हात. जाणारे येणारे नमस्कार करत होते, त्यांना वाटलं नवस असेल. शेवटी एका कांद्याच्या ट्रॅक्टरने घेतलं. ट्रॉलीत वर बसलो. लग्नाच्या कॅसेटमध्ये माझ्या जवळ येणारा प्रत्येक माणूस रडतोय. लोक म्हणतात, काय माया होती पोरावर. माया कसली, माझ्या खाली अर्धा क्विंटल कांदा चेंगरला होता!

उज्वला: आता माझी बाजू ऐका. बारा पस्तीसचा मुहूर्त. सजवलेली गाडी मांडवाच्या दारात येऊन थांबली. बँड सुरू झाला. नवरदेव काही उतरेना. आमच्याकडे पद्धत आहे चाचा, नवरदेव गाडीत रुसून बसतो. सासऱ्याने काही हातावर ठेवल्याशिवाय खाली पाय टाकत नाही.

इब्राहिम: मालूम आहे. मोटारसायकलसाठी रुसलेला पण बघितलाय मी. लायसन नव्हतं त्याच्याकडे.

उज्वला: माझ्या बाबांनी अंगठी केली होती. एसटीत ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षांत एक अपघात नाही, त्याचं बक्षीस मिळालं, त्यातून केली. त्यांनी झेंडूच्या माळांमधून हात आत घातला, डबी दिली आणि म्हणाले, जावईबापू, आता रुसू नका.

इब्राहिम: आणि आत तर सभापती.

उज्वला: आत सभापती. अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना वाटलं आपला सत्कार चाललाय. उतरले. आईच्या डोळ्यांत निरांजनाचा धूर, तिने ओवाळलं. मामी एवढंच म्हणाली, फोटोत जरा तरुण वाटत होता.

इब्राहिम: त्यांनी काहीच सांगितलं नाही?

उज्वला: सांगितलं ना. दोन शब्द बोलायचेत म्हणून माईक मागितला.

वाल्मीक: वीस मिनिटं बोलला! माझ्या लग्नात, ठिबक सिंचनावर.

उज्वला: हे आले तीन वाजता. मग सगळंच उरकून टाकलं. उखाणासुद्धा राहिला. आजवर मी यांचं नाव घेतलेलं नाही. "अहो"वर भागतंय.

इब्राहिम: आणि अंगठी?

उज्वला: सभापतींनी जाताना डबी सहादू भाऊजींकडे दिली. म्हणाले, ही चुकून माझ्याकडे आली. रात्री उघडली तर आत काही नाही.

वाल्मीक: सहादूने मारली.

उज्वला: हे यांचं म्हणणं. भाऊजींचं म्हणणं, डबी मुळात रिकामीच होती. भर भाऊबंदकीत म्हणाले, ड्रायव्हर माणूस, कुठून आणणार सोनं, डबीवर भागवलं. तिथून जे बोलणं तुटलं ते तुटलं. बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते. पण कोणी भेटायला आलं की विचारायचे, मी डबी भरलेली दिली होती ना?

इब्राहिम: अल्ला.

उज्वला: यांनी मात्र तपास सोडला नाही. सभापती वारले तेव्हा अंत्यदर्शनाला गेले. दर्शन फक्त बोटांचं घेतलं.

वाल्मीक: दहाही बघितली. नव्हती. म्हणजे सहादूकडेच आहे. पण आता चौदा तारखेला सगळं फिटतंय.

इब्राहिम: चौदाला काय?

वाल्मीक: सहादूच्या पोराचं लग्न. हर्षलचं. नामपूरहून सटाण्यालाच. आता फॅशन आहे ना, नवरदेव जुन्या गाडीतून. सहादू जिल्हाभर जुनी फियाट शोधत होता. मी मध्यस्थामार्फत निरोप धाडला, नाशिकला गंगापूर रोडला एकाकडे आहे, ड्रायव्हरसकट मिळेल. ड्रायव्हर मी. टोपी, चष्मा, मिशा.

उज्वला: मिशा ऑनलाइन मागवल्यात. तीन प्रकारच्या.

वाल्मीक: मोसमचा पूल ओलांडला की गाडी थांबवायची, मान मागे वळवायची आणि म्हणायचं, हर्षल, तू जरा उतर. सावलीत उभा राहा.

इब्राहिम: पण त्या पोराने काय केलंय?

वाल्मीक: काही नाही. मी तरी काय केलं होतं?

इब्राहिम: बरं, ती बाभूळ आहे का अजून?

वाल्मीक: रस्ता रुंद केला तेव्हा तोडली. मी दुसरी लावली.

उज्वला: काय?

वाल्मीक: चार वर्षं झाली. चांगली डोक्याच्या वर गेलीय.

उज्वला: म्हणजे दर महिन्याला मळा बघायला जातो म्हणून सांगता, ते?

वाल्मीक: पाणी घालायला जातो.

उज्वला: बाभळीला कोणी पाणी घालतं का हो?

वाल्मीक: पोराचं जमत आलं होतं. झाड मागे पडून चालणार नव्हतं.

इब्राहिम: आणि ट्रॅक्टर?

वाल्मीक: सांगून ठेवलाय. उन्हाळ कांदा, पूर्ण ट्रॉली. फक्त गाढव मिळत नाहीये. चाचा, तुमच्या ओळखीत कोणी?

इब्राहिम: ओळखीत खूप आहेत. चार पायांचं बघावं लागेल.

वाल्मीक: बघा. आणि आज ते मागचं डावं दार खोलाच. नवरदेवाची खिडकी आहे ती. काच चार बोटं खाली येते आणि अडकते. मला ती पूर्ण खाली पाहिजे. मी पुढे निघालो की आरशात त्याचा चेहरा नीट दिसला पाहिजे.

उज्वला: उतरल्यावर तो खिडकीत कसा दिसेल?

वाल्मीक: उतरायच्या आधीचा पण बघायचाय.

इब्राहिम: थांबा, हँडल काढलं. आता हा पुठ्ठा. भाभी, जरा बाजूला, यातून काय निघेल सांगता येत नाही. मागच्या महिन्यात पुढच्या दारात उंदराचं सगळं खानदान होतं.

वाल्मीक: काय दिसतंय?

इब्राहिम: वाळलेला झेंडू. कोंबडीची पिसं. मशीन ठीक आहे, दात शाबूत. मग अडतं कुठं? हां. काच ज्या पट्टीत सरकते तिच्यात काहीतरी बसलंय. पक्कड द्या. नट असेल. नाही, नट नाही. हा नट एवढा पिवळा का?

उज्वला: चाचा, बघू.

इब्राहिम: ग्रीस लागलंय. फडक्याने पुसतो. भाभी, ही तर...

उज्वला: आतून बघा. काही कोरलंय?

इब्राहिम: चष्मा लावतो. "वा" लिहिलंय. वा? कोणाची तारीफ केलीय?

उज्वला: यांच्या नावाचा वा. बाबांनी स्वतः सोनारासमोर बसून कोरून घेतला होता.



इब्राहिम: समजलं. सभापती खिडकीशी बसून बोटात घालून बघत असणार. त्यांचं बोट जाडं. निसटली आणि काचेच्या फटीतून खाली. आणि ते शरमेने डबी बंद करून गप. साहेब, मुबारक हो! कोणीच चोर नाही. या दारानेच घेतली होती.

वाल्मीक: परत टाका.

इब्राहिम: काय?

वाल्मीक: जिथे होती तिथे परत टाका. पुठ्ठा लावा.

इब्राहिम: काच खाली येणार नाही.

वाल्मीक: नको येऊ दे. चार बोटं पुष्कळ झाली. चाचा, चौदा तारीख तोंडावर आलीय. अठ्ठावीस वर्षं मी त्याला अंगठीचोर म्हणतोय. गावात, बाजारात, सरपंचासमोर. त्याचा मोबाइल नंबरसुद्धा माझ्याकडे "अंगठीचोर" नावाने आहे. आता जाऊन काय सांगू, दार होतं म्हणून?

उज्वला: इकडे द्या ती, चाचा.

वाल्मीक: उज्वला, ऐक. त्याने मला उतरवलं ते तर खरंच आहे ना? तेवढं वैर शिल्लक आहे. त्यावर चौदा तारीख निघते.

उज्वला: तुमच्या वैराची काळजी करू नका, ते पुरेल. मी माझं मोजतेय. रिकामी डबी, हे पहिल्यांदा कोण म्हणालं?

वाल्मीक: सहादू.

उज्वला: आणि दुसऱ्यांदा?

वाल्मीक: दुसऱ्यांदा कोण म्हणालं?

उज्वला: दोन हजार नऊ. लक्ष्मीपूजन. बाबा जेवायला आले होते. तुमचा पाय रांगोळीवर पडला, मी बोलले, तुम्ही चिडलात. आणि म्हणालात, ज्या घरातून रिकामी डबी येते त्या घरच्यांनी मला शिस्त शिकवू नये. बाबा आत हात धूत होते. नळ बंद झाला होता.

वाल्मीक: मी रागात होतो.

उज्वला: हो. नंतर जेवलातही. दोन वेळा भात घेतलात. बाबांनी घेतला नाही.

वाल्मीक: त्यांना ऐकू गेलं हे मला माहीत नव्हतं गं.

उज्वला: त्यानंतर ते आपल्याकडे कधी जेवायला आले? सांगा. आठवतंय?

इब्राहिम: मी जरा पाणी पिऊन येतो.

उज्वला: थांबा चाचा. गाडी रस्त्यावर चालेल का आज?

इब्राहिम: चालेल. ब्रेक कालच बांधले. फक्त रंग नाही, भुतासारखी दिसेल.

उज्वला: चावी द्या. ट्रायल घेऊ. मी चालवते.

वाल्मीक: तू? अगं, स्टिअरिंगवरचा गिअर आहे तिला.

उज्वला: बाबांनी मला असल्याच गाडीवर शिकवलंय. तुम्ही मागे बसा. डावीकडे, खिडकीशी. काच खाली येते का ते बघा.

(गाडी गंगापूर रोडवर. उज्वला चालवते आहे, शेजारी इब्राहिम, मागे वाल्मीक. दुपारचे बारा.)

इब्राहिम: वा! भाभी, काय गिअर टाकता. आवाज नाही.

उज्वला: बाबा म्हणायचे, गिअर बदलला हे पाठीमागच्या म्हातारीला कळता कामा नये. काच आली का खाली?

वाल्मीक: आली. पूर्ण आली. लोण्यासारखी. चाचा, मानलं तुम्हाला.

इब्राहिम: अडचण निघाली की येतेच खाली.

वाल्मीक: उज्वला, बघ, मी विचार केलाय. अंगठी सापडली हे चौदा तारखेपर्यंत कोणाला बोलायचं नाही. आधी हर्षलला उतरवू. मग पंधराला सावकाश सांगू.

उज्वला: हर्षल उतरणार नाही. पोरगं मांडवापर्यंत बसून जाईल. मी स्वतः नेईन त्याला.

वाल्मीक: मग बाभूळ?

उज्वला: वाढू दे. सहादू भाऊजींना मी मांडवात गाठणार. आहेर पुकारतात तेव्हा माईक मागणार आणि सगळ्या भाऊबंदकीसमोर अंगठी वर धरून सांगणार, ही माझ्या बापाच्या रिकाम्या डबीतली. जेवढ्या लोकांत ते बोलले होते तेवढे तरी असायला पाहिजेत. पाच हजार पत्रिका वाटल्यात म्हणे. पुरतील.

इब्राहिम: भाभी, तुमच्यापुढे साहेबांचं गाढव म्हणजे काहीच नाही.

वाल्मीक: हे छान आहे! नाही, हे माझ्यापेक्षा छान आहे. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मग मी मिशा लावू का नको?

इब्राहिम: भाभी, इथे का थांबवली? गाडी तर ठीक चाललीय.

उज्वला: बंद करत नाही, चालूच ठेवते. वाल्मीक, तू जरा उतर.

वाल्मीक: काय म्हणालीस?

इब्राहिम: नाव घेतलं, साहेब.

वाल्मीक: ऐकलं मी. उज्वला, चेष्टा पुरे.

उज्वला: भाऊजींचा नंबर चौदा तारखेला. आज तुझा. मी पंचवटीत जाऊन आईला अंगठी दाखवून येते. तिला सांगायचंय, बाबांनी डबी भरलेलीच दिली होती. ते सांगताना तू शेजारी नकोस.

वाल्मीक: मी येतो ना. मी सांगतो त्यांना. पाया पडतो, माझं चुकलं म्हणतो.

उज्वला: ज्यांना सांगायचं होतं ते भात न घेताच गेले. उतर.

वाल्मीक: चाचा, तुम्ही तरी बोला. तुम्ही कोणाच्या बाजूने?

इब्राहिम: मी गाडीच्या बाजूने. उभी ठेवली की गरम होते. उतरा साहेब.

वाल्मीक: माझा मोबाइल घरी राहिलाय. पायात पार्किंगमधल्या चपला आहेत, त्याही दोन वेगवेगळ्या.

इब्राहिम: दार जोरात ओढू नका, नवीन रबर आहे. हां. आणि साहेब, हात दाखवा. दोन्ही. काही नाही ना हातात? आता पोचा पडला तर मी भरणार नाही.

वाल्मीक: उज्वला, ऊन बघ किती आहे. किती वेळ लागेल ते तरी सांग.

उज्वला: दहा मिनिटांत आलेच. त्या कडुनिंबाखाली सावलीत उभा राहा. जागा रिकामी आहे.